धुतल्याने पडणारे डाग

रविवारी अकरा-साडेअकराला, म्हणजे मेसचा नाष्टा हुकवून उठलेली जनता खाली उतरली की, होस्टेलच्या मागच्या नळावर जे सुरू होतं त्याला आपण 'गाडी धुणं' म्हणतो. माझं मत विचाराल तर तो गाडीला चुन्याचा हात देण्याचा कार्यक्रम आहे. तीन बादल्या बोअरचं पाणी, डोक्यावर ऊन, आणि धुऊन झाली की गाडी तशीच उन्हात वाळत लावून मंडळी क्रिकेटला मोकळी. संध्याकाळी येऊन बघावं तर काळ्या टाकीवर पांढऱ्या कड्याच कड्या. मग त्या कड्या घालवायला पुढच्या रविवारी पुन्हा तीन बादल्या!

पार्किंगमध्ये गाड्या धुऊ नयेत अशी नोटीस दर उन्हाळ्यात लागते आणि दर उन्हाळ्यात तिच्याखाली कुणीतरी पेनने शेरा मारून जातो. नोटीस पाणीटंचाईची असते. टंचाई खरीच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. नळाला चोवीस तास धो धो पाणी असतं तरीसुद्धा अशी गाडी धुणं चूकच ठरलं असतं, कारण तो डाग मळाचा नाही. तो आपणच बादलीने ओततो.

पहिल्या वर्षाचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आठवा. पाण्याचा कठीणपणा काढायचा. एरिओक्रोम ब्लॅक टी घातला की वाईनसारखा लाल रंग, वरून ब्युरेटमधून ईडीटीए सोडत गेलं की निळा. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून 'टायट्रेट' केलं असेल, तो भाग सोडा. त्या प्रयोगात जे मोजतो तेच टाकीवर पांढरं होऊन बसतं. दख्खनचा आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याच्या भेगांतून खाली मुरतं आणि जाताजाता खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडी सिलिका बरोबर घेतं. बोअरमधून वर येतं ते कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं पाणी. दिसायला काचेसारखं स्वच्छ! पाणी उडालं की त्यातला कार्बन डायऑक्साइडही जातो आणि उरतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. ज्यांना पुरावा हवा त्यांनी आपल्या रूममधला इमर्शन रॉड काढून बघावा. (रॉड वापरायला बंदी आहे आणि तो प्रत्येक रूममध्ये आहे, हे रेक्टर सरांना माहीत आहे आणि सरांना माहीत आहे हे आपल्यालाही माहीत आहे.) त्या रॉडवरचा पांढरा थर आणि टाकीवरची कडी, दोघे सख्खे भाऊ.

किती जमतं, तेही बघू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. सोयीसाठी आपल्या बोअरचा ५०० धरू. पंधरा लिटरच्या बादलीत साडेसात ग्रॅम क्षार झाले. बरंचसं पाणी वाहून गेलं, गाडीवर फक्त १०० मिलिलिटर थेंबाथेंबाने राहिलं, तर त्यातून ५० मिलिग्रॅम दगड गाडीवर मुक्कामाला. आता एकच थेंब घ्या, ०.०२ मिलिलिटरचा, पाच मिलिमीटर व्यासाचा. त्यात ०.०१ मिलिग्रॅम क्षार. हा क्षार थेंबाच्या गोलभर सारखा पसरला असता तर थर झाला असता मायक्रॉनच्या पाचव्या भागाएवढा. एवढा पातळ आणि सपाट थर नजरेत फारसा भरलाही नसता.

पण तो सारखा पसरत नाही, कडेला जमतो. का, हे १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं. त्यांचा विषय होता टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते, कडेला बाष्पीभवन जास्त होतं, आणि तिथलं गेलेलं पाणी भरून काढायला मधलं पाणी सतत बाहेरच्या बाजूला वाहतं. वाहताना सगळा माल कडेला आणून टाकतं. आपल्या थेंबाची कड ०.२ मिलिमीटर रुंद धरली तर तिथला थर सव्वा मायक्रॉनच्या आसपास जातो. उजेड विखुरला जायला तेवढा खडबडीतपणा भरपूर झाला. म्हणून कडी दिसते आणि मधला भाग जवळजवळ कोरा दिसतो.

ओली असताना कडी गायब का होते, हा प्रश्न ओरलला विचारण्यासारखा आहे. पाण्याने खडबडीतपणा भरून निघतो, उजेड विखुरणं कमी होतं, बस्स. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवून गाडी 'चमकवणारे' जे कलाकार आपल्याकडे आहेत ते हेच करतात, फक्त तेलाने. डाग तिथेच असतो, वर तेलकट थर, आणि त्या थरावर दिवसभराची धूळ. दोन दिवसांनी गाडी आधीपेक्षा वाईट!

इथे कोकणातली मंडळी हसतात. त्यांच्या फायबरच्या होड्यांवर रोज खारं पाणी उडतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेलं. आपल्या बोअरच्या सत्तर पट! तरी होडीवर वाळलेलं ते पांढरं मीठ गोड्या पाण्याच्या एका हाताने उतरतं, आणि आपली कडी मात्र दहा वेळा धुतली तरी हलत नाही. कारण साधं मीठ लिटरभर पाण्यात ३५० ग्रॅमच्या वर विरघळतं, कॅल्शियम कार्बोनेट मात्र जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे वाळलेली कडी पुन्हा त्याच बोअरच्या पाण्याने धुणं म्हणजे शाईचा डाग शाईने पुसणं. होडीवाल्यांनी फार खूश होऊ नये. होडी किनाऱ्यावर ओढून विहिरीच्या कठीण पाण्याने धुतली आणि उन्हात वाळू दिली की तिच्या जेलकोटवरही हीच कडी उमटते. तिथेही इलाज एकच, धुतल्यावर पुसणं.

एक गैरसमज जाताजाता मोडतो. 'थेंब भिंगासारखा काम करतो आणि रंग भाजतो' असं सांगणारे प्रत्येक विंगमध्ये दोन तरी आहेत. पूर्ण गोल थेंब धरा, पाण्याचा अपवर्तनांक १.३३. केंद्रबिंदू थेंबाच्या मध्यापासून सुमारे दोन त्रिज्या अंतरावर येतो, म्हणजे थेंबाच्या पाठीमागे आणखी एक त्रिज्या. थेंब तर रंगाला चिकटून बसलाय, आणि बसलेला थेंब चपटा असतो, त्याचा केंद्रबिंदू आणखी लांब जातो. प्रकाश एकवटायच्या आधीच रंग येतो. झाडांच्या पानांवर हाच प्रश्न हंगेरीतल्या संशोधकांनी तपासला होता. २०१० सालच्या त्यांच्या निबंधात गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाने पान भाजत नाही असंच निघालं. तेव्हा उन्हात गाडी धुऊ नये हे खरं, पण कारण भिंग नव्हे. तापलेल्या पत्र्यावर थेंब पुसायच्या आत वाळतो, आणि वाळता वाळता त्यातले क्षार जास्त जास्त तीव्र होत जातात, तेही गरम रंगावर.

आणि इथे दुसऱ्या जातीचा डाग सुरू होतो, जो जास्त वाईट. गाडीचा रंग एक थर नसतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर चमक देणारा पारदर्शक क्लिअर कोट, साधारण ४० मायक्रॉनचा. तुमच्या डोक्यावरचा केस याच्यापेक्षा जाड असतो. थेंबात क्षार किंवा आम्ल असेल आणि ऊन तापवत असेल तर हा क्लिअर कोट हळूहळू खाल्ला जातो आणि तिथे बारीक खड्डा पडतो. आम्लवर्षा आणि उन्हाने रंगावर पडणारे असे खड्डे तपासायला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनविल इथे रंगकंपन्या उन्हाळाभर रंगवलेले पत्रे उघड्यावर ठेवतात, इतका तो प्रश्न गंभीर आहे. पहिल्या जातीचा डाग रंगावर बसलेला असतो, दुसऱ्या जातीचा रंगात घुसलेला. पहिला महिनोन्‌महिने तसाच राहू दिला की दुसरा व्हायची शक्यता वाढत जाते.

आता उपाय म्हणून आपण काय करतो ते बघा. भांड्यांची हिरवी घासणी. भांडी घासायची पावडर. टूथपेस्ट. आणि ज्याचा मला खरा राग आहे ते संडास-बाथरूमचं ॲसिड.

घासणीचं गणित सोपं आहे. कडी एक-सव्वा मायक्रॉनची, खालचा क्लिअर कोट ४० चा. घासणीला कडी कुठे संपली आणि रंग कुठे सुरू झाला हे कळत नाही. ती कडी काढते आणि जाताना शेकडो ओरखडे देऊन जाते. पांढरी कडी गेली, आता उन्हात बघितलं की कोळ्याचं जाळं दिसतं. टूथपेस्टही त्याच जातीची, फक्त बारीक. हेल्मेटच्या काचेवर तर तिला हातही लावू देऊ नका. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्या ओरखड्यांवर फुटून अख्खी काच पांढरी होते. टाकीचा डाग रिसेलला नडतो, काचेचा डाग हायवेला नडतो.

ॲसिडचं सांगायचं तर आपल्या बाथरूमची शहाबादी फरशी बघा. शहाबाद म्हणजे चुनखडीच. तिच्यावर ॲसिड सांडलं की फस्स करून फेस येतो आणि फरशी खरखरीत होते. कडीवरही हाच फेस येतो, म्हणून लोकांना वाटतं काय भारी औषध आहे! डाग जातो हे खरंच. पण तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड ओघळून चेनवर, डिस्कवर, सायलेन्सरच्या क्रोमवर, ॲल्युमिनियमच्या इंजिन केसिंगवर जातं. डिस्कवर तासाभरात तांबूस गंज दिसतो. क्रोमला जिथे बारीक छिद्र असेल तिथून आत शिरून खालचं लोखंड खातं. मेकॅनिकलवाल्यांना हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट शिकवतात ना, कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होणं? चेन आणि स्प्रिंगवर ॲसिड ओतणं म्हणजे त्याचंच फुकट प्रॅक्टिकल. वर कुणी 'आणखी स्वच्छ' म्हणून त्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी घातलं तर क्लोरीन वायू. ही चेष्टा नाही.

आणि हे ॲसिड हातात कोण घेतं? आपण नाही. डिपार्टमेंटसमोर सकाळी सातच्या आत सरांच्या गाड्या पाइपने धुणारे आपले मामा घेतात. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की डाग पडणार. डाग पडला की 'मामा, नीट पुसत जा हो' असं ऐकावं लागणार. मग मामा बाथरूमच्या कपाटातून बाटली आणतात, फडक्यावर ओततात आणि उघड्या हाताने बॉनेट पुसतात. पायात स्लीपर. त्यांच्या बोटांच्या पेरांवरची कातडी बघा एकदा. सरांनाही हे माहीत नसावं, कारण माहीत असतं तर ते कुणीच चालवून घेतलं नसतं. पण माहीत करून घ्यायला फार लांब जावं लागत नाही, सातला खाली उतरावं लागतं.

डाग खरंच काढायचा असेल तर व्हिनेगर पुरतं. किराणा दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर, ज्यात चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. कॅल्शियम कार्बोनेटचं कॅल्शियम ॲसिटेट होतं आणि ते पाण्यात सहज विरघळतं. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, त्याचंही पाणी चालतं, पण कॅल्शियम सायट्रेट तितकंसं विरघळत नाही म्हणून माझं मत व्हिनेगरला. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी धूळ पाण्याने सोडवून घ्यायची. धुळीत क्वार्ट्‌झ असतो, कठीणतेच्या मोह प्रमाणावर सातचा, कोरडं फडकं फिरवलंत तर तो कण सँडपेपरच. मग व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी एकत्र करून मऊ फडकं भिजवायचं आणि डागावर मिनिट-दोन मिनिटं नुसतं ठेवायचं. घासायचं नाही, ठेवायचं. वाळू द्यायचं नाही. उचलून पुसायचं, पाणी मारायचं, लगेच कोरडं करायचं. पहिल्यांदा सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. रंग न दिलेलं ॲल्युमिनियम आणि चेन यांच्यापासून व्हिनेगरही लांबच ठेवा. सौम्य झालं तरी आम्लच ते. आणि गाडी शहाबादीवर उभी असेल तर खाली सांडू नका, नाहीतर डाग गाडीवरून फरशीवर.

व्हिनेगरने दोनदा करूनही जे उरतं ते सिलिका तरी असतं, कारण साध्या आम्लात सिलिका विरघळत नाही, नाहीतर खड्डा असतो. दोन्हीला पॉलिश कंपाउंड लागतं, म्हणजे क्लिअर कोटचाच एक थर घासून खाली आणणं. गाडीच्या आयुष्यात हे एक-दोनदा परवडतं. ४० मायक्रॉनमधून दर महिन्याला काढायला लागलात तर फायनल इयरपर्यंत काही उरणार नाही. सिरॅमिक कोटिंगची हल्ली फार हवा आहे. ते केलं की डागच पडत नाहीत असं दुकानदार सांगतो. तसं नाही. त्यावर थेंब जास्त गोल होऊन बसतो, पण वाळला की कडी सोडतोच. साधं मेणाचं पॉलिशही तसंच. फरक एवढाच की कडी मेणावर बसते, रंगावर नाही, आणि त्यामुळे लवकर निघते. सेकंडहँड स्प्लेंडरला मेण भरपूर झालं.

मुळात डाग पडूच नये यासाठी लागतं एक फडकं. पाणी उडून गेलं की क्षार गाडीवर राहतो, पाणी वाळायच्या आत पुसलं की तोच क्षार फडक्यात जातो. म्हणून बोअरचं पाणीही चालतं, सावलीत, अर्धी बादली धूळ सोडवायला, अर्धी शेवटी, आणि लगेच कोरडं फडकं. पंचेचाळीस लिटरच्या जागी पंधरा. शंभर गाड्या धरल्या तर एका रविवारी तीन हजार लिटर वाचले. एप्रिल-मेमध्ये टँकर आल्यावर तिसऱ्या मजल्यावरची जनता बादली घेऊन जिन्यात उभी असते. तिला तीन हजार लिटर म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

यावर एक सूचना हमखास येते. आरओचं वाया जाणारं पाणी गाड्या धुवायला द्या. हेतू अगदी चांगला, पण गाड्यांसाठी हे चुकीचं पाणी आहे. आरओ लिटरभर शुद्ध पाणी देताना तीन लिटर बाहेर टाकत असेल, तर आधीच्या चार लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या तीन लिटरमध्ये बसतात. आत ८०० टीडीएस असेल तर बाहेर हजाराच्या वर. ते संडासात ओता, फरशी पुसा, गाडीवर नको. त्यापेक्षा कॉम्प्युटर लॅबच्या मागे एसीच्या नळ्या ठिबकत असतात तिकडे बघा. हवेतली वाफ गार कॉइलवर धरून पडलेलं ते पाणी, त्यात विरघळलेला क्षार जवळजवळ नाहीच. पिऊ नका, पण शेवटच्या हातासाठी त्याच्यासारखं पाणी नाही. दमट दिवसांत एक एसी तासाला लिटरभर सहज देतो. मेच्या कोरड्या हवेत कमी देतो, हेही मान्य. सध्या ते पाणी भिंतीवर शेवाळ वाढवतंय.

तर मागणं असं. गाड्या धुण्यावरची बंदी उठवावी असं मी म्हणत नाही, तिचा अर्थ मुलांपुरता ठेवू नये एवढंच म्हणतो. आमची बादली बंद असेल तर डिपार्टमेंटसमोरचा पाइपही बंद हवा. त्याच्या जागी एक बादली, दोन सुती फडकी. मागच्या नळाच्या पाण्याचा कठीणपणा पहिल्या वर्षाच्या बॅचकडूनच मे आणि ऑक्टोबरमध्ये काढून घ्यावा आणि आकडा नळाशेजारी खडूने लिहावा. निदान त्या निमित्ताने एकदा तरी खरं रीडिंग जर्नलमध्ये येईल. लॅबमागच्या नळ्यांखाली झाकणाचा एक ड्रम ठेवावा. आणि ॲसिडची बाटली मामांच्या कपाटातून स्टोअरमध्ये हलवावी, फक्त संडासासाठी, रबरी हातमोज्यांसकट, सही करून द्यावी. व्हिनेगरची बाटली त्याच कपाटात ठेवायला हरकत नाही. पहिली बाटली आमच्या विंगकडून, वर्गणी जमली आहे.